छऱ्याच्या बंदुकीवर प्रयोग करताय? या चुका टाळा

हलकी, स्प्रिंगची एअर रायफल घ्यायची, आठ दिवसांत नेम बसत नाही म्हणून वैतागायचं आणि नवव्या दिवशी पेचकस हातात घ्यायचा. जळगाव-भुसावळकडची निम्मी पोरं माझ्याकडे येतात ती बंदूक पिशवीत आणि स्क्रू रुमालात बांधूनच.

सगळ्यात मोठं वेड जाड स्प्रिंगचं. "भो, पॉवर वाढवून द्या ना." कशाला? दहा मीटरच्या कागदी लक्ष्यावर 10 गुणांचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. तिथे जोर काय कामाचा? चोपड्याकडच्या एका गड्याने घरीच स्प्रिंग बदलली. आतली स्प्रिंग दाबून बसवलेली असते, हे त्याच्या गावी नव्हतं. मागचा भाग सुटला तो थेट धान्याच्या कोठीवर. पत्र्याला पोचा पडला, अंगठा वाचला हे नशीब. नवी स्प्रिंग कशीबशी बसली, पण नळी मोडायला, म्हणजे खाली वाकवून स्प्रिंग दाबायला, गुडघा लावावा लागे, आणि आधी पाच रुपयांच्या नाण्याखाली झाकणारे पाच छर्रे आता बशीभर पसरू लागले. जुनी स्प्रिंग परत घातली, नेम परत आला. शिवाय नळीचं भोक 4.5 मिमीच्या किंवा छऱ्याचा जोर 20 ज्यूलच्या पुढे गेला की परवाना लागतो, हे दुकानदार सांगत नाही.

दुसरी चूक हातातली. घोडा दाबला की पिस्टन पुढे धावतो, बंदूक मागे ढकलली जाते; पिस्टन थांबताना ती पुढे हिसकते. छर्रा नळीबाहेर पडायच्या आधीच ही हालचाल सुरू झालेली असते. बंदूक जितकी हलकी, तितकी ती जास्त नाचते. पोरं मग तिला कुस्तीतल्यासारखी आवळतात, आणि पकड दर वेळी थोडी वेगळी पडते. मी डावा तळवा उघडा ठेवतो, बंदूक त्यावर नुसती टेकवतो, रोज त्याच जागी. दस्त्याखाली पांढऱ्या चिकटपट्टीची खूण आहे. एकदा ओट्याच्या कठड्यावर नळी टेकवून मारले, सगळे छर्रे वर गेले. मग दादर ज्वारी भरून पिशवी शिवली. पावसाळ्यात उंदरांनी ती फोडली, म्हणून आता वाळूची आहे. पिशवीवर हात ठेवायचा, हातावर बंदूक.

शिलाई मशीनचं तेल हवेच्या भोकात सोडू नका. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेटतं, फटाक्यासारखा आवाज होतो, पोरं खूश होतात आणि सील जातं.

छर्रा न भरता घोडा दाबू नका.

घोडा हलका करायला पिस्टन अडवून धरणारी खाच घासू नका. नळी मोडलेली असताना ती सुटली तर बोटं जातील. यावर मी वाद घालत नाही, बंदूक परत देतो.

स्कोप घ्याल तर स्प्रिंगच्या एअर रायफलचा दुहेरी हिसका सोसणारा घ्या. साधा महिन्याभरात भरकटतो. स्पर्धेत उतरायचं असेल तर तोही नको, दहा मीटरला पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायची साइट, चालते.

नेम बिघडला की आधी दस्त्याचे स्क्रू बघा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात, पण एवढ्या सोप्या उपायावर कुणाचा विश्वास बसत नाही. मग चार-पाच जातींचे छर्रे मारून बघा, एका वेळी एकच गोष्ट बदला. मे महिन्यात गाडीच्या डिकीत बंदूक ठेवू नका. आपल्याकडचा 44-45 अंशांचा उन्हाळा ग्रीसलाही सोसत नाही.

रावेर-यावलचे केळीवाले रानडुकरांसाठी विचारतात. छऱ्याने डुक्कर मरत नाही, नुसतं जखमी होऊन बिथरतं, आणि 1972 चा वन्यजीव कायदा तुमच्या मागे लागतो तो वेगळाच. नुकसानीचा पंचनामा करून वनखात्याकडे भरपाई मागा.

चोपड्याचा गडी गेल्या रविवारी परत आला होता. आता त्याला घोडा हलका करून हवाय.