मोहात पडलात? मग आता पुढचं नीट करा

मोहाला नाही कसं म्हणायचं यावर उपदेश भरपूर ऐकले असतील, पण जो ऑलरेडी पडलाय त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करायचं हे फार कमी जण सांगतात, म्हणून हे लिहितोय.

आधी माझं सांगतो. आमच्या चर्चच्या, म्हणजे मंडळीच्या, तरुण संघाचे कॅरलचे (नाताळची गाणी घरोघरी गाऊन जमलेले) पैसे माझ्याकडे असायचे, त्यातले साडेतीन हजार मी मोबाईलच्या हप्त्याला वापरले, पगार झाला की ठेवू म्हणून, पगार झाला आणि ठेवले नाहीत. मग हिशोब मागितला तेव्हा सजावटीचं खोटं बिल लावलं. खरं सांगतो, पैशाने जेवढी झोप गेली नव्हती तेवढी त्या बिलाने गेली.

म्हणून पहिलं काम, पहिलं खोटं तिथेच थांबवा. बायबलमधल्या २ शमुवेल पुस्तकाचा ११ वा अध्याय एकदा सलग वाचा. राजे लढाईला निघतात त्या दिवसांत इस्राएलचा राजा दावीद यरुशलेमेत राहिला, संध्याकाळी गच्चीवर फिरताना बथशेबा दिसली, ती त्याच्याच सैन्यातल्या उरीयाची बायको आहे हे कळल्यावर पण बोलावून घेतलं. ती गरोदर राहिली तेव्हा कबूल करायची वेळ होती की नाही? तर ह्याने उरीयाला लढाईवरून बोलावलं, घरी जा म्हणाला, म्हणजे मूल त्याचंच वाटेल, तो बिचारा राजवाड्याच्या दाराशीच झोपला कारण सोबतचे लोक उघड्या मैदानात तळ देऊन आहेत, दुसऱ्या दिवशी दारू पाजली तरी घरी गेला नाही, शेवटी सेनापती यवाबाला चिठ्ठी लिहिली की ह्याला घनघोर लढाईत पुढे ठेवा म्हणजे मरेल, आणि ती चिठ्ठी उरीयाच्याच हाती पाठवली. मला हे वाचताना दरवेळी पोटात कालवतं. एका संध्याकाळचा मोह आणि झाकता झाकता खून. याकोब १:१५ मध्ये वासना गरोदर होऊन पापाला जन्म देते आणि पाप वाढलं की मरण असं म्हटलंय ते हेच.

दुसरं, देवासमोर कबूल करताना "पण" लावू नका. दावीदाच्या आधीचा राजा शौल आणि दावीद शेजारी शेजारी ठेवून बघा. शत्रू अमालेक्यांचं सगळं नष्ट कर अशी देवाची आज्ञा असताना त्यांची चांगली मेंढरं राखली म्हणून शमुवेल संदेष्ट्याने विचारलं तर शौल म्हणतो लोकांनी राखली, देवाला अर्पण करायला राखली, आणि पाप केलं म्हटल्यावर पण लगेच वडीलजनांसमोर माझा मान ठेव अशी विनंती. दावीदाला नाथान संदेष्ट्याने श्रीमंताने गरिबाची एकुलती कोकरी घेतल्याची गोष्ट सांगून "तो माणूस तूच" म्हटलं तेव्हा त्याचं उत्तर एका ओळीचं, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलंय. कारण नाही की बाजू मांडणं नाही. शब्द सुचत नसतील तर स्तोत्र ५१ मोठ्याने वाचा, मी तेच केलं.

तिसरं, एका माणसाला सांगा. पाळक, वडील मंडळी, जो ऐकून घेईल आणि गावभर करणार नाही असा कोणीही. ग्रुपवर साक्ष टाकायची घाई नको. आणि ज्याचं नुकसान केलं त्याचं भरून द्या, येशूला भेटल्यावर जकातदार जक्कयने चौपट देईन म्हटलं होतं, आपण निदान घेतलेलं तरी पूर्ण परत करू.

आता सगळ्यात अवघड भाग, जिथे बरेच जण गोंधळतात. क्षमा मिळते ती लगेच मिळते, नाथानाने त्याच क्षणी सांगितलं की परमेश्वराने तुझं पाप दूर केलंय. पण परिणाम राहिले. बथशेबाचं बाळ सातव्या दिवशी गेलं, पुढे दावीदाचा मुलगा अम्नोन याने सावत्र बहीण तामारवर अत्याचार केला, तिचा सख्खा भाऊ अबशालोमाने अम्नोनाला मारलं, मग बापावरच उठला, आणि बापाच्या उपपत्नींकडे उघडपणे गेला ते कुठे, तर राजवाड्याच्या गच्चीवरच. मत्तयाच्या पहिल्या अध्यायातल्या येशूच्या वंशावळीत पण बथशेबाचं नाव नाही, उरीयाची बायको असंच लिहिलंय, इतक्या शतकांनी.

त्यामुळे परिणाम भोगावे लागतायत म्हणजे क्षमा मिळाली नाही असं स्वतःला सांगू नका, आणि क्षमा मिळाली म्हणून बायकोने, मंडळीने उद्यापासून पूर्वीसारखा विश्वास ठेवावा असा हट्ट पण करू नका. विश्वास त्यांचा मोडलाय, तो परत कधी द्यायचा हे ते ठरवतील. बाळ गेल्यावर दावीद उठला, आंघोळ केली, कपडे बदलले, देवाच्या घरी जाऊन नमन केलं, मग जेवायला मागितलं. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. पडलेल्या माणसाला उपासनेला जायची लाज वाटते आणि नेमका तेव्हाच तो घरी बसतो. जा, मागच्या बाकावर बसा पण जा.

शेवटी तुमची गच्ची कोणती ते शोधा. कोणाची रात्री अकरानंतरचा मोबाईल असते, कोणाची रमीचं ॲप, माझी हातात असलेली कॅश. १ करिंथ १०:१३ म्हणतं देव निभावायला वाट काढून देतो, पण ती वाट बहुतेक वेळा सुरुवातीलाच असते, त्यामुळे ॲप आजच काढा.

मी पाळकांना सांगितलं, पैसे तीन महिन्यांत भरले, त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली आणि हिशोबाची वही दुसऱ्याकडे दिली. अजून त्याच्याकडेच आहे. डिसेंबरमध्ये घरोघरी गाताना मी गिटार घेतो, पैशांची पेटी तो धरतो.