बोजॅक हॉर्समन पाहायला घेताय? मग असं पाहा

मिरजेत आमचं तंतुवाद्यांचं काम. दिवसभर तानपुऱ्याच्या जवारीला, म्हणजे तारांच्या झंकाराला, कान लावायचा आणि रात्री जेवणं उरकली की ‘बोजॅक हॉर्समन’ या मोठ्यांसाठीच्या इंग्रजी कार्टून मालिकेचे दोन भाग, असा माझा बरेच दिवस नेम होता. बोजॅक म्हणजे एकेकाळी टीव्हीवर गाजलेला, आता उतरणीला लागलेला घोडा-नट. हाताखालची पोरं विचारतात, “दादा, दोन भाग बघितले. घोडा दारू पितोय आणि बडबडतोय. पुढं काय?” त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितोय.

पहिला सीझन अर्धा होईपर्यंत सोडू नका. मालिका २०१४ ते २०२० अशी चालली. सीझन सहा. पहिल्या पाचांत बारा-बारा भाग, शेवटच्यात सोळा, तेही दोन तुकड्यांत आलेले. एक भाग साधारण पंचवीस मिनिटांचा. नाताळचा एक वेगळा भाग आहे, तो मागाहून पाहिला तरी चालतो.

मालिका घडते हॉलीवूडमध्ये. तिथं माणसं आणि जनावरं एकत्र नांदतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. एजंट गुलाबी मांजर आहे, नट लॅब्रेडॉर आहे. एक गृहस्थ तर उघड उघड एकावर एक उभी राहिलेली तीन पोरं, वरून लांब कोट. आणि ते एकट्या बोजॅकलाच दिसतं! असं का, हे विचारत बसू नका. त्याऐवजी गोष्टी टिकतात कशा ते बघा. पहिल्या सीझनच्या सहाव्या भागात डोंगरावरच्या ‘हॉलीवूड’ पाटीतलं शेवटचं अक्षर चोरीला जातं आणि तिथून पुढं सगळे त्या गावाला ‘हॉलीवू’ म्हणायला लागतात. एरवी कार्टूनमध्ये पुढच्या भागात सगळं पूर्ववत होतं. इथं वेडगळ विनोदाचेही परिणाम राहतात, तसेच माणसांनी एकमेकांना दिलेल्या जखमांचेही. म्हणून क्रम मोडायचा नाही आणि सुट्या क्लिप तर बघायच्याच नाहीत.

मोबाइलवर पाहू नका. मागच्या भिंतीवर, पाट्यांवर, कपड्यांवर बारीक विनोद लिहिलेले असतात. टीव्हीवर लावा, इंग्रजी सबटायटल चालू ठेवा, थांबवून वाचा. सुरुवातीचं शीर्षकगीतही पळवू नका. बोजॅकच्या मागची दृश्यं कथेबरोबर बदलत जातात.

तिसऱ्या सीझनचा चौथा भाग समुद्राखाली घडतो आणि जवळजवळ बिनसंवादाचा आहे. तो हेडफोन लावूनच पाहा. जेसी नोवाकचं संगीत तिथं बोलण्याचं काम करतं. पाचव्या सीझनचा सहावा भाग याच्या अगदी उलट: सुरुवातीचा छोटा प्रसंग सोडला, तर बोजॅक एका जागी उभा राहून बोलतोय, बस्स. अख्खा भाग बोजॅकला आवाज देणाऱ्या विल आर्नेटच्या एकट्या आवाजावर उभा आहे. स्वरावर ज्याचं पोट आहे असा माणूस म्हणून सांगतो, त्यातल्या थांबण्याच्या जागा ऐका.

आता अकराव्या भागांचं. पहिल्या पाचही सीझनमध्ये खरा घाव अकराव्या भागात बसतो, सहाव्यात पंधराव्यात. तो भाग झोपायच्या आधी एकटा बघून दिवा मालवू नका. वेळ काढा आणि लगेच पुढचा शेवटचा भागही पाहा. चौथ्या सीझनचा अकरावा मला सगळ्यांत थोर वाटतो. बोजॅकच्या आईला, बिएट्रिसला, स्मृतिभ्रंश झालाय आणि आपण तिच्या डोक्यातून सगळं बघतो: लोकांना चेहरेच नाहीत, एका बाईच्या चेहऱ्यावर नुसत्या खरडलेल्या रेघा, एक घर चालता चालता दुसऱ्या घरात मिसळतं. असं म्हातारं माणूस ज्यांनी घरात सांभाळलंय त्यांना हे चित्र लगेच उमगेल. खऱ्या नटांना घेऊन हे इतकं नेमकं दाखवता आलं असतं, असं मला वाटत नाही.

मुलांबरोबर ही मालिका बघायची नाही. जनावरं आहेत म्हणून फसू नका. दारू, नशा, आत्महत्या, सगळं उघड आहे. मन आधीच खचलेलं असेल तर सध्या राहू द्या, आणि फारच जड झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.

सगळं संपल्यावर काही महिने जाऊ द्या, मग पहिल्यापासून पुन्हा लावा. या वेळी फक्त बिएट्रिसकडे लक्ष ठेवा. सुरुवातीच्या सीझनमध्ये ती फोनवर मुलाला जे टोचून बोलते, ते आता तुम्हाला वेगळं ऐकू येईल.