ऋषिकेशला मुक्काम : खोलीआधी काठ निवडा

मुंबईहून ऋषिकेशला निघणारी मंडळी विमानाचे किंवा रेल्वेचे आरक्षण झाले की लगेच हॉटेलांची छायाचित्रे पाहू लागतात. माझा आग्रह असा की, त्याआधी नकाशा उघडावा आणि गंगेचा कोणता काठ आपल्याला सोयीचा आहे, हे घरातल्या सर्वांचा विचार करून ठरवावे.

पश्चिम काठावर त्रिवेणी घाट, मुनी की रेती आणि तपोवन हे भाग येतात. बद्रीनाथकडे जाणारा महामार्ग याच बाजूने जात असल्यामुळे वाहन मिळणे सोपे असते. मात्र रस्त्याकडेच्या खोलीत गाड्यांचे हॉर्न रात्रीही ऐकू येतात. पूर्व काठावर स्वर्गाश्रम, गीता भवन आणि परमार्थ निकेतन आहेत. संध्याकाळच्या आरतीला रोज पायी जायची इच्छा असेल, तर हाच काठ उत्तम. अडचण एवढीच की राम झुला आणि २०२० मध्ये सुरू झालेला जानकी सेतू यांवरून मोटार जात नाही. त्यामुळे एक तर सामान घेऊन पूल चालत ओलांडावा लागतो, नाही तर बराजवरून, म्हणजे गंगेवरील बंधाऱ्यावरून, मोठा वळसा घ्यावा लागतो. ‘लक्ष्मण झुल्याजवळ’ अशी जाहिरात असेल, तर पलीकडे जाण्याचा सध्याचा मार्ग कोणता, हे आवर्जून विचारावे, कारण १९३० सालचा तो जुना पूल सुरक्षेच्या कारणास्तव बंद करण्यात आला आहे.

ज्येष्ठ मंडळी सोबत असतील, तर पायऱ्यांची चौकशी सर्वांत आधी करावी. तपोवनातील पुष्कळ इमारती उतारावर बांधलेल्या आहेत. छायाचित्रात नदी अगदी खिडकीशी दिसते, पण त्या खिडकीपर्यंत पोहोचण्यासाठी रस्त्यापासून उंच, कठडा नसलेल्या पायऱ्या उतराव्या लागू शकतात आणि चहासाठी बाहेर पडायचे म्हटले तरी त्याच पुन्हा चढाव्या लागतात. ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांचा अर्धा प्रवास तिथेच संपतो. म्हणून फोनवर नेमके विचारावे : गाडी दारापर्यंत येते का, खोली कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे का, आणि पहाटे गरम पाणी मिळते का? डिसेंबर-जानेवारीत शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुंबईकराला फार महत्त्वाचे वाटेल.

आश्रमातील खोल्या साध्या आणि स्वच्छ असतात, परंतु रात्री फाटक बंद होण्याची वेळ आधी समजून घ्यावी. जेवण शाकाहारीच मिळते.

राफ्टिंग हाच हेतू असेल, तर शिवपुरीकडील छावण्या सोयीच्या पडतात. पावसाळ्यात मात्र राफ्टिंग बंद असते. छावणी प्रवाहापासून किती उंचीवर आहे, हेही विचारावे, कारण वरच्या धरणांतून पाणी सोडल्यावर कोरड्या दिसणाऱ्या वाळूवरही पाणी चढते. मुले सोबत असतील, तर याबाबत संकोच करू नये.

तारखांचाही विचार हवा. उत्तर भारतीय पंचांगातील श्रावणात, म्हणजे आपल्या आषाढाच्या उत्तरार्धात, येणाऱ्या कावड यात्रेच्या दिवसांत हरिद्वार-ऋषिकेश रस्त्यावर प्रचंड गर्दी असते, आणि शनिवार-रविवारी दिल्लीकडून येणाऱ्या गाड्यांमुळे तपोवनात कोंडी होते. शक्य असल्यास सोमवारी पोहोचून गुरुवारी निघावे. परतीचे विमान सकाळचे असेल, तर शेवटची रात्र पश्चिम काठावर काढावी; देहरादूनचा जॉली ग्रँट विमानतळ तिथून साधारण २० किलोमीटरवर आहे आणि पहाटे पुलावरून सामान वाहावे लागत नाही.