कबुतराचं अंडं भरलंय की वांझ, हे कसं ओळखावं

सातवीत असताना लालबागच्या चाळीच्या गच्चीवर मी लक्क्याच्या, म्हणजे पंख्यासारख्या शेपटीच्या कबुतरांच्या, एका जोडीची दोन्ही अंडी टाकून दिली होती. पाचवा दिवस झाला, टॉर्च लावला, आत काही दिसलं नाही, म्हणजे वांझ, असा माझा हिशोब. त्यातलं एक मोरीच्या दगडावर फुटलं. पिवळ्या बलकावर केसाएवढ्या बारीक तांबड्या शिरा पसरलेल्या होत्या. मामा एवढंच म्हणाला, "दिवस चुकीचे मोजलेस." मी पहिल्या अंड्यापासून मोजत होतो. खरा तो तिसराच दिवस होता.

म्हणून सुरुवात दिवस मोजण्यापासूनच करू. अंडी टाकून देण्याच्या बहुतेक चुका मोजणीतच होतात.

दिवस कुठून धरायचे

कबुतराची मादी एका वेळी दोन अंडी घालते. पहिलं साधारण संध्याकाळच्या सुमारास, दुसरं एक दिवस सोडून दुपारी. दोन्हींत जवळजवळ 44 तासांचं अंतर असतं. पहिलं अंडं आल्यावर जोडी नुसती त्याच्यावर उभी राहते, अंग टेकवून नीट उबवत नाही. खरी ऊब दुसरं अंडं आल्यावर सुरू होते, त्यामुळे दोन्ही पिल्लं थोड्याफार फरकाने बरोबरच बाहेर येतात. तेव्हा दुसरं अंडं आलेला दिवस शून्य धरा.

समजा सोमवारी संध्याकाळी पहिलं आलं आणि बुधवारी दुपारी दुसरं. मग पुढचा सोमवार हा पाचवा दिवस, पाहण्याचा पहिला योग्य दिवस. त्याच आठवड्याचा शुक्रवार नववा, तेव्हा दुसऱ्यांदा पाहायचं. पिल्लं 17व्या-18व्या दिवशी, म्हणजे त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या शनिवार-रविवारकडे येतील. खुराड्याच्या दारावर खडूने तारीख लिहा. अंड्यावर खूण करायचीच तर मऊ शिसपेन्सिलीने हलकीशी करा. स्केचपेन किंवा बॉलपेन नको, कवचाला सूक्ष्म छिद्रं असतात आणि शाई आत झिरपू शकते.

अंडं काढायचं कसं

रात्री अंधार असतो म्हणून रात्रीच टॉर्च घेऊन जाऊ नका. रात्री मादी बसलेली असते. ती बिचकून उडाली तर अंधारात तिला परत घरटं सापडत नाही आणि अंडी सकाळपर्यंत गार पडतात. कबुतरांत नरही उबवतो. सकाळी उशिरापासून चार-पाचपर्यंत नर, बाकीचा वेळ मादी. ही पाळी बदलते त्या वेळी घरटं आपणहून क्षणभर उघडं होतं. तीच वेळ साधा. अंधार हवा असेल तर खुराड्याजवळ उभं राहून डोक्यावरून जाड चादर घ्या, किंवा जिन्याखालची काळोखी जागा पकडा.

पक्षी उठला नाहीच, तर हात पालथा ठेवून हळूच पोटाखाली सरकवा. पंखाचा फटका बसेल, तो हाताच्या पाठीवर बसू द्या. अंडं तळव्याच्या आडोशाला राहिलं पाहिजे. हात झटकन मागे घेतला की अंडं घरंगळतं आणि चीर जाते, हे मी दोनदा भोगलं आहे. हात आधी धुऊन कोरडे केलेले असावेत. तेल-साबणाचा हात कवचाला लावू नये.

उजेडात पाहणं

मोबाईलचा टॉर्च चालतो, पण त्याचा उजेड चहूकडे पसरतो आणि अंड्याच्या आतलं फिकं पडतं. जाड पुठ्ठ्याला दीड सेंटिमीटरचं गोल भोक पाडा. मागून टॉर्च, पुढून अंडं. अंड्याचं बोथट टोक भोकावर टेकवा, कारण हवेची पोकळी त्याच बाजूला असते. मग अंगठा आणि दोन बोटांनी सावकाश फिरवा. हलवून, कानाशी धरून, आत काही वाजतंय का असं पाहू नका. अर्ध्या मिनिटाच्या वर टॉर्च लावून ठेवू नका, तो तापतो.

पाचव्या दिवशी भरलेल्या अंड्यात काय दिसतं? आत तांबूस झाक असते. मध्ये एक गडद ठिपका आणि त्याच्यातून चहूबाजूंना निघालेल्या शिरा, जणू पाय पसरून बसलेला लाल कोळी. अंडं फिरवलं तरी तो ठिपका तरंगत वरच्या बाजूला येतो. क्षणभर श्वास रोखून पाहिलंत तर तो ठिपका थरथरताना दिसतो. ते काळीज असतं. इतकी वर्षं झाली, मला अजूनही ते पाहिलं की हातातलं अंडं जड वाटतं.

वांझ अंडं सगळीकडून सारखं उजळतं, फिकं पिवळसर. बलकाची सावली तेवढी सरकते, शीर एकही नाही.

तिसरा प्रकार जास्त फसवतो. शिरांऐवजी एक लाल गोल कडं दिसतं, बांगडीसारखं. अंडं फलित होतं, पण आतला जीव सुरुवातीलाच गेला. बहुतेकदा अंडी मध्येच गार पडलेली असतात, किंवा घरटं ओलं असतं.

नवव्या दिवशी टॉर्चचीही फारशी गरज राहत नाही. भरलेलं अंडं बाहेरूनच निळसर-राखाडी, शिशासारखं दिसू लागतं. वांझ अंडं पहिल्यासारखंच पांढरं-गुलाबी, किंचित पारदर्शक राहतं. दोन्ही शेजारी ठेवली की नवख्यालाही फरक कळतो. उजेडात भरलेलं अंडं बहुतांश काळं आणि बोथट टोकाला स्वच्छ हवेची पोकळी. आत पाण्यासारखं डचमळत असेल किंवा वास येत असेल तर ते सडलंय. असं अंडं मुंबईच्या उकाड्यात घरट्यातच फुटून दुसऱ्यावर घाण पसरवू शकतं. ते लगेच काढा.

पाण्यात तरंगवून पाहण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. चोचीने टोचलेल्या अंड्यात पाणी शिरलं की पिल्लू आतच बुडतं.

वांझ निघालं तर घाई नको

दोन्ही वांझ निघाली म्हणून पाचव्याच दिवशी उचलू नका. अंडी काढली की साधारण दहा दिवसांत मादी पुन्हा अंडी घालते. असं दोन-तीनदा झालं की तिच्या अंगातला चुना संपतो, कवच पातळ होतं, मादी मलूल होते. त्यापेक्षा बारा-चौदा दिवस बसू द्या, ती तिची विश्रांती असते. तोवर दाण्याबरोबर वाटीत शिंपल्यांचा चुरा ठेवा. दुसऱ्या जोडीची अंडी दोन-तीन दिवसांच्या फरकाची असतील तर त्यातलं एक इथे सरकवताही येतं.

मग कारण शोधा. नवी तरुण जोडी असेल तर पहिली अंडी वांझ जाणं नेहमीचंच. लक्क्याच्या शेपटीमागची पिसं मिलनाच्या आड येतात. ढुंगणाभोवतीची बारीक पिसं कात्रीने थोडी कापली की पुष्कळदा काम होतं. अंडी एकदम चार आली असतील तर तुमची जोडी म्हणजे दोन माद्या आहेत, नर नाहीच. बसायची फळी गुळगुळीत किंवा डुगडुगती असेल तरी नराचा पाय ठरत नाही.

जून ते सप्टेंबर आमच्याकडे जोडीतले नर-मादी वेगळे ठेवतात. पत्र्याखाली वाऱ्याबरोबर सर येते, घरटं दमट होतं, बुरशी धरते. तरीही पावसात अंडी आलीच तर पसरट मातीच्या परळात कोरड्या खराट्याच्या काड्या घाला आणि दर दोन दिवसांनी काड्या बोटांनी चाचपा. ओल लागली तर बदला.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. 2025च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, त्यामागे विष्ठेच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजारांची काळजी होती. ती काळजी खरी आहे. खुराडं रोज साफ करा, आधी पाणी शिंपडून, नाकाला मास्क बांधून, म्हणजे धूळ ना तुमच्या छातीत जाईल ना खालच्या मजल्यावरच्या खिडकीत. आणि एसीच्या मागे घरटं केलेल्या रानकबुतराची अंडी पाहायला हात घालू नका, हा लेख पाळलेल्या जोड्यांपुरता आहे.

दोनपैकी एकच अंडं भरलेलं असेल तर वांझ अंडं घरट्यातच राहू द्या, फक्त ते सडलेलं नसावं. एकटं पिल्लू पहिले काही दिवस त्याला टेकून बसतं आणि आईबापाच्या पोटाखाली चेपलं जात नाही. आपल्या वरच्या हिशोबातल्या रविवारी घरट्याबाहेर अर्धं टरफल पडलेलं दिसेल. त्यानंतर आठवडाभराने, पिल्लू स्वतः मान धरू लागलं की ते दुसरं अंडं काढून घ्या.