कलिंगड चिरण्याआधी धुवावे

वडोदऱ्याच्या खंडेराव मार्केटमध्ये आपण ज्याचा भाव ‘तरबूच’ म्हणून विचारतो आणि घरी आणल्यावर ज्याला पुन्हा कलिंगड म्हणतो, ते फळ चिरायला घेण्याआधी नळाखाली चोळून धुवावे व स्वच्छ फडक्याने कोरडे करावे, कारण सालीवरची माती आणि जंतू पात्याबरोबर थेट गरात जातात. साल टाकायचीच आहे, मग धुवायची कशाला, हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही.

गोल फळ पाटावर घरंगळते. म्हणून देठाकडचा व बुडाचा एकेक पातळ काप काढून ते सपाट बाजूवर उभे करावे आणि विळीऐवजी लांब पात्याची सुरी घ्यावी. उभ्या फोडीत बियांची ओळ स्पष्ट दिसते. त्या ओळीवरून सुरी फिरवली, की मधला बिनबियांचा, सर्वांत गोड गर अलगद सुटतो आणि उरलेल्या भागातील बिया काट्याने खरवडता येतात. हिरवी साल काढून पांढरट भाग किसून पिळून घेतल्यास तो थालीपिठात दुधीसारखा चालतो.

फोडी झाकणाच्या डब्यात भरून २ तासांच्या आत, आणि ऐन उन्हाळ्यात तासाभरातच, फ्रिजमध्ये ठेवाव्यात व ३-४ दिवसांत संपवाव्यात. मीठ मात्र वाढतानाच भुरभुरावे. आधी घातल्यास पाणी सुटते, डब्याच्या तळाशी गुलाबी रस साचतो आणि फोडी लिबलिबीत होतात.