‘काळजी घे’ हातावर आणण्यापूर्वी

आधी शब्द ठरवा, टॅटू आर्टिस्ट नंतर. माझा शब्द ठरलेला होता. आजीच्या शेवटच्या पोस्टकार्डाच्या तळाशी तिने लिहिलेलं ‘काळजी घे’. निळं बॉलपेन, शिरोरेषा जवळजवळ नाहीच, आणि ‘घे’वरची मात्रा घाईघाईत मागे झुकलेली. ते कार्ड स्टुटगार्टला आणलं तेव्हाच डाव्या हातावर हे गोंदवायचं असं मनात होतं. प्रत्यक्षात दोन वर्षं गेली, आणि त्यातले कितीतरी महिने ‘मराठी येणारा टॅटूवाला’ शोधण्यात गेले. आता इथल्या मराठी मंडळातल्या दोघी-तिघी विचारतायत, म्हणून तयारीचं सगळं एकदाच लिहून काढते. मी जर्मनीत राहते, त्यामुळे कायदे आणि पैसे इथले. जपान किंवा कोरियात असाल तर सुरुवातच कायद्यापासून करा. जपानमध्ये टॅटू गोंदायला डॉक्टरचा परवाना लागत नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने थेट २०२० साली सांगितलं. दक्षिण कोरियात १९९२च्या निकालामुळे ते डॉक्टरांपुरतंच होतं, ते इतरांना खुलं करणारा कायदा संसदेत मंजूर झाला सप्टेंबर २०२५मध्ये.

भाषा नेमकी कशाला हवी, ते स्वतःला विचारा. मला हे फार उशिरा सुचलं. कामं दोन आहेत: एक, तुमची अक्षरं त्याला वाचता येणं, दुसरं, टेबलावर आडवं पडल्यावर ‘थांब जरा, आग होतेय’ हे त्याला कळणं. दोन्ही एकाच माणसाकडून व्हायला हवीत असं काही नाही. दुसऱ्या कामाला इंग्रजी किंवा मोडकीतोडकी जर्मन पुरते. पहिल्याला मराठीच लागते, आणि त्यात हिंदी चालत नाही.

हिंदी का चालत नाही, ते सांगते. माझ्या ऑफिसातल्या कानपूरच्या मित्राने डिझाइन बघितलं आणि प्रामाणिकपणे म्हणाला, ‘स्पेलिंग गलत है, कालजी होगा ना?’ बिचाऱ्याचा दोष नाही, त्याच्या वर्णमालेत ‘ळ’ नाही. आणि फुटबॉलवाल्या बेकहॅमची गोष्ट आठवते का? २००० साली त्याने हातावर बायकोचं नाव देवनागरीत गोंदवलं, आणि ब्रिटिश वर्तमानपत्रांनी ‘एक ह जास्त पडला’ म्हणून टर उडवली. त्याच्या हातावर काय होतं? ‘व्हिक्टोरिया’. आपल्याकडे व्हीटी स्टेशनच्या नावात पिढ्यान्पिढ्या तो ‘व्हि’ लिहिला गेलाय. हिंदीच्या हिशोबाने चूक, मराठीच्या हिशोबाने शुद्ध. तेव्हा तपासायला दिलेला माणूस कुठल्या भाषेचा, यावर तुमचं शुद्धलेखन ठरतं. तीच गोष्ट ‘ल’ आणि ‘श’ची. महाराष्ट्र शासनाने २००९मध्ये निर्णय काढून पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही मराठी वळणं प्रमाण ठरवली. संगणकातले बरेचसे फॉन्ट मात्र हिंदी वळण देतात. तुमच्या शब्दात ही अक्षरं असतील तर कुठलं वळण हवंय ते आधीच ठरवा. मुलीचं नाव शलाका असेल तर दोन्ही खड्डे एकाच नावात.

आता शोध. इन्स्टाग्रामवर इंग्रजीत शोधलं की ओमकार आणि चुकलेली संस्कृत वचनं यांचा पूर लोटतो. देवनागरीत टाइप करून शोधा, निकाल कमी पण बरे येतात. आपल्याकडचे बरेच टॅटू आर्टिस्ट युरोपात आठवडा-दोन आठवडे पाहुणे म्हणून येऊन एखाद्या स्टुडिओत बसतात. याला ‘गेस्ट स्पॉट’ म्हणतात. पुण्या-मुंबईतल्या आवडत्या आर्टिस्टची पानं बघत राहिलं की कोण कधी बर्लिनला येतंय ते कळतं. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारायला लाजू नका. फार तर एखाद्या काकू विचारतील, ‘हे कशाला गं?’ त्यांच्याच आईच्या कपाळावर गोंदण असतं. नेपाळी आर्टिस्ट भेटला तर सोडू नका. लिपी देवनागरीच, आणि ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला तो भुवईसारखा अर्धा ‘र’ नेपाळीतही आहे, त्यामुळे त्याच्या हाताला तो परका नसतो. उलट, नेदरलँड्समधल्या सुरिनामी हिंदुस्तानी (सुरिनामहून आलेल्या, मूळच्या भारतीय) मंडळींची आडनावं बघून हुरळून जाऊ नका. त्यांची सरनामी भाषा बहुधा रोमन लिपीत लिहिली जाते.

कुणी सापडलं की व्हिडिओ कॉल करा, शब्द समोर धरा आणि मोठ्याने वाचायला सांगा. ‘हो हो, येतं मला’ यावर विश्वास ठेवू नका. मला सापडलेला मुलगा इंदूरचा, आजोळ मराठी. त्याने ‘काळजी घे’ वाचलं, जरा थांबला आणि म्हणाला, ‘ताई, हा घ आहे की ध?’ तिथेच मी ठरवलं. कारण प्रश्न अगदी बरोबर होता. ‘घ’च्या डोक्यावर रेघ सलग असते, ‘ध’ची डावीकडे तुटून तिथे एक आकडी येते. आजीने रेघच दिली नव्हती. ज्याला मराठी येत नाही तो आहे तसं छापेल किंवा स्वतःच्या मनाने सुधारेल, आणि आयुष्यभर हातावर ‘काळजी धे’ राहील. ‘भ’ आणि ‘म’ची हीच रड.

याआधी एका स्टुडिओशी माझं बोलणं जवळजवळ पक्कं झालं होतं. नाव घेत नाही. त्यांनी शब्द माझ्या मेलमधून उचलला, आपल्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला आणि ‘हवेशीर दिसावं’ म्हणून अक्षरांत अंतर वाढवलं. शिरोरेषेचे तुकडे झाले आणि ‘घे’ची मात्रा सुटून, सुट्या मात्रेखाली संगणक दाखवतो त्या ठिपक्याठिपक्यांच्या गोलावर जाऊन बसली. त्यांनी तो गोलही नक्षी समजून ठेवला होता! माझ्या मैत्रिणीच्या ‘विठ्ठल’चे तर हाल झाले: वेलांटी ‘व’च्या नंतर आणि ठ्ठ सुटा. म्हणून टाइप केलेला मजकूर कधीच पाठवू नका. हस्ताक्षर असेल तर ६०० डीपीआयवर स्कॅन करा. फॉन्ट वापरणार असाल तर अक्षरांचं रेखाचित्रात रूपांतर करून पीडीएफ द्या, म्हणजे तिकडच्या संगणकाला काही जुळवायलाच लागणार नाही. शिवाय प्रत्यक्ष मापाची कागदी प्रत हातात ठेवा. माप मोठंच घ्या. शाई वर्षांनुवर्षं त्वचेत थोडी थोडी पसरते आणि देवनागरीतली पोटं बुजतात. ‘ळ’ची दोन, ‘घ’चं एक, आणि अनुस्वार तर मच्छर चावल्यासारखा दिसायला लागतो. मी अक्षर सव्वा सेंटिमीटर उंच घेतलं. त्याहून बारीक नाजूक लिखाण फोटोत सुंदर दिसतं, पण फोटो पहिल्या दिवसाचा असतो. आर्टिस्टकडे वर्षभर जुन्या, भरून आलेल्या टॅटूंचे फोटो मागा, आणि तेही आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवरचे. गोऱ्या हातावरची फिकी करडी छटा आपल्या हातावर दिसतच नाही. जखमेचा वण जाड, उंच होऊन बसण्याची तुमची सवय असेल, तर आधी त्वचेच्या डॉक्टरकडे जा. हे आपल्या त्वचेत जास्त आढळतं.

जर्मनीत टॅटूवाला होण्यासाठी सरकारमान्य शिक्षणक्रम नाही. धंद्याची नोंदणी केली की दुकान उघडता येतं. म्हणून स्वच्छता स्वतः बघायची: सुई तुमच्यासमोर पाकिटातून निघाली पाहिजे, शाई छोट्या टोपणात वेगळी ओतली पाहिजे. शाईची बाटली हातात घेऊन बघा. युरोपीय संघाने ४ जानेवारी २०२२पासून टॅटूच्या शाईतल्या चार हजारांवर रसायनांवर निर्बंध घातलेत, आणि ही शाई टॅटूसाठीच आहे असं बाटलीवर छापलेलं असावं लागतं. पाहुण्या आर्टिस्टने भारतातून स्वतःची शाई आणली असेल तर गोड बोलून स्टुडिओतली वापरायला सांगा. आपला माणूस म्हणून इथे भीड धरू नका. माझ्या इंदूरकराने न सांगताच इथली बाटली काढली, त्याला बहुतेक हा प्रश्न सवयीचा असावा.

संमतिपत्र जर्मन भाषेत येतं. ते आधी मेलवर मागवा, घरी बसून वाचा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, कावीळ, ॲलर्जी, गरोदरपण असे प्रश्न असतात, आणि स्टुडिओत उभ्या उभ्या ‘हो’, ‘नाही’वर खुणा करताना माणूस चुकतो. चार शब्दही पाठ करून जा, आर्टिस्ट मराठी असला तरी, कारण शेजारच्या टेबलावरची बाई मराठी नसते आणि चक्कर आली तर धावून तीच येते. ‘मिअर इस्ट श्विंडेलिश’ म्हणजे मला गरगरतंय. ‘एस ब्रेन्ट’ म्हणजे आग होतेय. ‘पाउझं’ म्हणजे जरा थांबू. गंमत म्हणजे इथे टॅटू काढण्याला बोलीत ‘श्टेशेन’ म्हणतात, म्हणजे टोचणं. आमच्या गावी गोंदणारीण यायची तेव्हा बायका ‘टोचून घे’ असंच म्हणायच्या.

पैशाचं थोडक्यात. ताशी शंभर-दीडशे युरो तरी धरा, आगाऊ रक्कम वेगळी, आणि तारीख चुकवली तर ती परत मिळत नाही. खरा खर्च पुढे असू शकतो, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. टॅटूमुळे काही बिघडलं तर इथल्या सरकारी आरोग्य विम्याने उपचाराच्या खर्चातला वाटा तुमच्याकडून घ्यायचा असतो, सामाजिक कायद्याच्या पाचव्या पुस्तकात कलम ५२मध्ये ते स्पष्ट आहे. आणि श्लेस्विग-होलस्टाइनच्या राज्य कामगार न्यायालयाने मे २०२५मध्ये निकाल दिला की टॅटू चिघळून आजारी पडलात तर त्या दिवसांचा पगार मालकाने द्यायला नको. खटला एका शुश्रूषा करणाऱ्या बाईचा होता, तिचा टॅटूही हातावरच होता. म्हणून मी ऑफिसातल्या महत्त्वाच्या डिलिव्हरीच्या आठवड्यात तारीख घेतली नाही. शुक्रवार दुपार घेतली.

भारतवारीच्या आधी महिनाभर तरी नकोच. मे महिन्यातलं ऊन, कोकणातला समुद्र, नवी जखम आणि वर आईचा आग्रह, ‘हळद लाव गं, लगेच सुकेल’. हळद लावू नका, खोबरेल थापू नका. आर्टिस्टने सांगितलेलं साधं, बिनवासाचं मलम पातळ लावायचं, आणि खपली खाजवायची नाही. पोहणं, सॉना तीन-चार आठवडे बंद. रक्तदान करत असाल तर जर्मनीत चार महिने थांबावं लागतं.

त्या दिवशी पोटभर जेवून जा. मी स्टुटगार्टहून फ्रँकफर्टला दीड तासाच्या गाडीत थालीपीठ खाल्लं आणि पर्समध्ये राजगिऱ्याचे दोन लाडू ठेवले. एक मी खाल्ला, एक त्याने. बाही सहज वर जाईल असा कुर्ता घाला. मूळ पोस्टकार्ड नेऊ नका, रंगीत प्रतच न्या. माझ्या प्रतीवर शाई सांडलीच.

स्टेन्सिल, म्हणजे गोंदण्याआधीचा कच्चा ठसा, हातावर उमटलं की घाई करू नका. आरशात बघू नका, आणि फोनचा पुढचा कॅमेरा तर मुळीच उघडू नका. मी उघडला, अक्षरं उलटी दिसली आणि पोटात गोळा आला. मागच्या कॅमेऱ्याने फोटो काढा आणि मराठी वाचणाऱ्या, घरी निवांत बसलेल्या एका माणसाला पाठवा. एकालाच, ग्रुपवर नको. आईला पाठवलेल्या फोटोवर उत्तर आलं, ‘मात्रा अशीच काढायची ती.’ त्यानंतरच सुई लावू दिली.

सोबत कुणाला नेता येतं का, हेही विचारून ठेवा. बहुतेक ठिकाणी एकाला बसू देतात. आणि निवड करायचीच वेळ आली, म्हणजे मराठी येणारा पण हात बेताचा, की मराठीचा गंध नसलेला पण रेघ पक्की, तर मी दुसरा निवडेन आणि मराठी बरोबर घेऊन जाईन, मैत्रिणीच्या रूपाने नाहीतर कागदावर.

शेवटचं काम टच-अपचं. चार ते सहा आठवड्यांनी रेघ कुठे तुटली ते दिसतं, आणि पाहुणा आर्टिस्ट तोवर दुसऱ्या देशात असतो. माझा लिस्बनला गेला होता. म्हणून आगाऊ रक्कम देतानाच ‘नंतरचं काम कोण करणार?’ हे स्टुडिओकडून मेलवर लिहून घ्या. माझ्या ‘ळ’चा खालचा वळसा फिका पडला होता. तो तिथल्याच एका जर्मन बाईने भरला. तिने आधी विचारलं, हे अनंताचं चिन्ह का? मी तिच्यापुढे ती शाई सांडलेली प्रत ठेवली, ‘ळ’भोवती पेन्सिलने गोल केला आणि सांगितलं, अक्षर आहे, दोन्ही पोटं उघडी ठेव. वीस मिनिटं लागली, पैसे घेतले नाहीत.