पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर नवं शिकायचं, तर सुरुवात कुठून?

क्लासची जाहिरात बघून आधी फी भरायची आणि मग तो कोर्स आपल्या कामात कुठं बसतो ते शोधायचं, हा उलटा कारभार पुण्यात बरेच जण करतात. बारा-पंधरा वर्षं शॉपफ्लोअरवर काढलेल्यांचं खरं तर बहुतेक वेळा स्वतःच्याच विषयात काहीतरी मागे पडलेलं असतं.

ते शोधायला एक संध्याकाळ पुरते. नोकरीच्या साइटवर आपल्या पुढच्या पदाच्या दहा-बारा जाहिराती काढा. सिनिअर इंजिनिअर असाल तर असिस्टंट मॅनेजरच्या, आणि शक्यतो चाकण, तळेगाव, रांजणगाव याच पट्ट्यातल्या. प्रत्येकीत काय काय मागितलंय ते कागदावर उतरवा. निम्म्याहून जास्त जाहिरातींत जे येतं आणि आपल्याला करून दाखवता येत नाही, ते आधी हाती घ्या.

क्वालिटीतल्या माणसाचंच बघा. बायोडेटावर एफएमईए (बिघाड कुठं आणि कसा होऊ शकतो हे आधीच शोधायची पद्धत) असतं, पण ते जुनं. सिव्हिअरिटी (परिणाम किती गंभीर), ऑकरन्स (किती वेळा घडतं) आणि डिटेक्शन (सापडणं किती अवघड) यांच्या गुणांचा गुणाकार करून आरपीएन हा जोखमीचा आकडा काढायचा आणि शंभरच्या वर गेलं की अ‍ॅक्शन घ्यायची. 2019 साली एआयएजी आणि व्हीडीए या अमेरिकन आणि जर्मन वाहन उद्योगाच्या संघटनांची एकत्रित पुस्तिका आली. तिच्यात आरपीएन गेला, अ‍ॅक्शन प्रायॉरिटी (आधी कशावर काम करायचं याची क्रमवारी) आली आणि सगळं काम सात पायऱ्यांत बसवलं गेलं. जाणकार मुलाखत घेत असेल तर आपल्याला जुनंच येतं हे पाच मिनिटांत उघडं पडतं. यावर उपाय दोन वर्षांच्या एमबीएचा नाही. एक छोटं ट्रेनिंग करा आणि लगेच आपल्या लाइनवरच्या एका प्रोसेसचा एफएमईए नव्या पद्धतीनं स्वतः करा. दुसरा भाग टाळला तर पहिल्याचा उपयोग सर्टिफिकेटपुरताच.

कोर्स ठरला की पैसे खिशातून काढण्याआधी कंपनीला विचारा. आयएसओ 9001 या गुणवत्तेच्या मानकाच्या कलम 7.2 प्रमाणे कामाला लागणारी पात्रता ठरवणं, कमी असेल तिथं ती भरून काढणं आणि त्याचा पुरावा ठेवणं हे कंपनीचंच काम आहे. कुणाला कुठलं काम किती येतं ते गोल भरून दाखवणारा स्किल मॅट्रिक्सचा तक्ता भिंतीवर लागतो तो त्यासाठीच. त्यातला आपला अर्धा भरलेला गोल दाखवून मागणी केली, तर एचआरला सरळ नाही म्हणणं जड जातं. आयएटीएफ 16949 हे वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक असलेल्या कंपनीत अनुभवी माणसाला आणखी एक दार उघडं असतं: सप्लायरकडे जाऊन ऑडिट करणाऱ्यांची पात्रता कलम 7.2.4 मध्ये ठरवून दिलेली आहे. हे काम मागून घ्या. दहा सप्लायरांचे प्लांट आतून बघायला मिळणं हे कुठल्याही वर्गापेक्षा मोठं शिक्षण आहे.

वेळ मात्र साधा. बहुतेक कंपन्यांचं बजेट एप्रिलपासून लागतं, तेव्हा मेल जानेवारी-फेब्रुवारीत जायला हवा. तो चार ओळींचाच ठेवा: कोर्स कोणता, फी आणि तारखा, कुठलं रिजेक्शन किंवा कुठली तक्रार त्यानं कमी होईल, आणि तेवढे दिवस शिफ्ट कोण सांभाळेल. चौथी ओळ नसली की साहेब हमखास ‘बघू’ म्हणतात. कंपनीनं बॉन्ड मागितला तर रक्कम दर महिन्याला कमी होत जाते की शेवटपर्यंत पूर्णच राहते, एवढं वाचून मगच सही करा.

स्वतःच्या खर्चानं शिकायचं तर एनपीटीईएल, म्हणजे आयआयटींचे ऑनलाइन कोर्स, स्वस्तात पडतं. कोर्स 4, 8 किंवा 12 आठवड्यांचे, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासूनच्या सत्रांत. शिकणं फुकट, परीक्षेची फी 1000 रुपये, आणि परीक्षा केंद्र पुण्यातच मिळतं. सर्टिफिकेटसाठी असाइनमेंटचे 25 पैकी किमान 10 आणि परीक्षेचे 75 पैकी किमान 30 गुण लागतात, दोन्ही वेगवेगळे. माणसं अडकतात ती असाइनमेंटमध्ये. दर आठवड्याची मुदत ठरलेली असते आणि नाइट शिफ्टच्या आठवड्यात ती हटकून चुकते. 12 आठवड्यांच्या कोर्समध्ये उत्तम 8 धरल्या जातात, म्हणजे चार बुडाल्या तरी चालतं. 4 आठवड्यांच्या कोर्समध्ये एकच बुडालेली चालते. म्हणून शिफ्टचं वेळापत्रक समोर ठेवून कोर्स निवडा.

आणि गुरुवारचं विसरू नका. भोसरी-चाकणच्या बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारी आणि शहरातल्या क्लासची बॅच शनिवार-रविवारी. फी भरण्याआधी सुपरवायझरशी सुट्टीच्या अदलाबदलीचं बोलून घ्या.

काही परीक्षा अशा आहेत, की त्यांना नुकता पास झालेला मुलगा बसूच शकत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या प्रमाणित एनर्जी ऑडिटरसाठी इंजिनिअरिंगच्या पदवीनंतर 3 वर्षांचा किंवा डिप्लोमानंतर 6 वर्षांचा अनुभव लागतो, तोही ऊर्जेशी संबंधित चालन, देखभाल किंवा नियोजनातला. युटिलिटी आणि मेंटेनन्सवाल्यांनी हा रस्ता जरूर बघावा. पेपर चार. पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेटसाठी चार वर्षांची पदवी असेल तर प्रोजेक्ट सांभाळल्याचे 36 महिने आणि 35 तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं. हा अर्ज पडताळणीसाठी निवडला जाऊ शकतो, तेव्हा जुन्या साहेबांना फोन आधीच करून ठेवा. कंपनी सोडताना भांडण झालं असेल तर ते इथं नडतं.

हातात पदवीच नसेल तर आरपीएल, म्हणजे आधीच असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सरकारी सोय आहे. स्थानिक कार्यक्रमांसाठी सेनापती बापट रोडवरचं मराठा चेंबर, कोथरूडची एआरएआय (वाहन संशोधन संस्था) आणि भोसरीची सीआयआरटी (रस्ते वाहतूक संस्था) यांची वेळापत्रकं बघत राहा.

‘नो कॉस्ट ईएमआय’वर कोर्स विकणाऱ्यांपासून मात्र सांभाळून. तो हप्ता म्हणजे बहुतेकदा वित्तसंस्थेचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. कोर्स अर्ध्यात सोडला तरी हप्ते चालूच राहतात, चुकवले तर सिबिल बिघडतो आणि पुढं घराचं कर्ज अडतं. ऑनलाइन पदवी घेत असाल तर विद्यापीठाचं नाव यूजीसीच्या यादीत त्या अभ्यासक्रमासकट आहे का ते स्वतः तपासा, एजंटनं पाठवलेल्या पीडीएफवर जाऊ नका. आणि करबचतीचं कोणी सांगितलं तर लक्षात ठेवा: जुन्या करपद्धतीत मुलांच्या फीवर वजावट मिळते, स्वतःच्या फीवर नाही.